साखरेला विक्रमी भाव, तरी कारखाना बंद: एस्कोदव्रचे प्रकरण

8 मार्च 2023 रोजी तेरेओस या फ्रान्समधल्या सहकारी साखर समूहाने एस्कोदव्र इथला आपला कारखाना पुढच्या हंगामात सुरू होणार नसल्याचे जाहीर केले. 123 नोकऱ्या जाणार होत्या. कारखाने बंद पडणे ही उत्तर फ्रान्सला नवी गोष्ट नाही. कोळशाच्या खाणी गेल्या, कापडगिरण्या गेल्या, त्या मानाने हा आकडा लहानच. तरीही हे प्रकरण मुद्दाम उलगडून पाहावेसे वाटते. एक तर कारखान्याचे मालक लांबचे भांडवलदार नव्हते, बीट पिकवणारे शेतकरीच होते. दुसरे म्हणजे युरोपात त्या वेळी साखरेचा सरासरी भाव टनाला 800 युरोंच्या घरात होता. एवढा भाव कित्येक वर्षांत कोणी पाहिला नव्हता.

गावाचे, संस्थांचे आणि तारखांचे उल्लेख जाहीर नोंदींतले आहेत. माणसांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

एस्कोदव्र हे नोर जिल्ह्यात कांब्रे शहराला खेटून असलेले गाव. वस्ती तीन-साडेतीन हजार. एका अंगाला एस्को नदी आणि तिचा कालवा, दुसऱ्या अंगाला ओशाँचे भले मोठे सुपरमार्केट, आणि मधे कारखान्याची धुराडी व साखरेची कोठारे. गावाबाहेर पडले की नजर पोचेल तिथवर सपाट शिवार: गहू, बीट, बटाटा, जवस, चिकोरी. पुदिन्याच्या चवीची ‘बेतीझ’ नावाची साखरेची गोळी ही कांब्रेची ओळख, म्हणजे इथे गोड पदार्थांचीही परंपरा आहे.

बीटपासून साखर काढण्याला या देशात जोर आला तो नेपोलियनच्या काळात. इंग्रजांशी व्यापार तुटला, वेस्ट इंडीजची उसाची साखर येईना, तेव्हा सरकारने बीट लावायला लावले. उत्तरेची काळी-पिवळी खोल माती आणि दमट हवा या पिकाला मानवली. एस्कोदव्रचा कारखाना 1870 च्या दशकातला. त्या काळी या भागात एक नामी युक्ती चालायची. बीटमध्ये तीन चतुर्थांश पाणीच असते, ते बैलगाडीने वाहून आणायचे कशाला? म्हणून गावोगावी लहान केंद्रांवर बीट किसून रस काढायचा, त्यात चुना घालायचा आणि जमिनीखालच्या नळांतून तो मैलोन्‌मैल दूरच्या मध्यवर्ती कारखान्यात सोडायचा. पुढे ट्रॅक्टर आणि ट्रक आले, तसे नळ मोडीत निघाले. पण माल आणि कारखाना यांच्यातल्या अंतराचा प्रश्न काही सुटला नाही, आणि या प्रकरणाच्या मुळाशीही तोच आहे.

तेरेओस म्हणजे सुमारे 11,000 बीट उत्पादक सभासदांची संस्था. लहान सहकारी संघ एकत्र येत गेले, 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बेगँ-से हा मोठा खासगी साखर उद्योग विकत घेतला आणि पुढे हा समूह ब्राझीलमधल्या उसापर्यंत पोचला. सोबत कर्जही वाढले. 2020 च्या सुमारास ते अडीच अब्ज युरोंच्या आसपास होते. आमच्या परताव्यापेक्षा परदेशातल्या पसाऱ्याकडे लक्ष जास्त, अशी सभासदांत कुरबुर होती. त्या वर्षाच्या डिसेंबरात निवडून आलेल्या नव्या मंडळाने जुन्या प्रमुखांना घरी पाठवले. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नाट्य ओळखीचे वाटेल. कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल उलटणे आपल्याला नवे नाही. फरक एवढाच की आपल्याकडे सहसा एका कारखान्याची एक संस्था असते, इथे एका संस्थेचे अनेक कारखाने होते. पुढे जे घडले ते याच फरकातून.

अडचण कशी साचत गेली

पहिला धक्का 2017 चा. युरोपीय संघाने साखर उत्पादनावरची कोट्याची मर्यादा त्या वर्षी 30 सप्टेंबरला संपवली. सगळ्यांनीच पेरा वाढवला, बाजारात साखर तुंबली आणि वर्षभरात टनाला 500 युरोंच्या आसपासचा भाव 320 पर्यंत घसरला. मग 2018 च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये निओनिकोटिनॉइड गटातल्या कीटकनाशकांवर बंदी आली. बीटच्या बियाण्याला या औषधाचे आवरण असायचे आणि त्यामुळे कोवळ्या रोपावर मावा ही कीड बसत नसे. 2020 च्या वसंतात हिरवा मावा लवकर आणि भरमसाट आला, त्याच्यामार्फत पिवळा रोग पसरला आणि देशाचे उत्पादन जवळजवळ तीस टक्क्यांनी खाली आले. सरकारने घाईने कायदा करून तात्पुरती सूट दिली. 19 जानेवारी 2023 रोजी युरोपीय न्यायालयाने अशा सवलती बेकायदा ठरवल्या आणि चारच दिवसांत कृषिमंत्र्यांनी यंदा सूट मिळणार नसल्याचे सांगितले. फेब्रुवारीत शेतकऱ्यांनी पॅरिसमध्ये ट्रॅक्टर नेले.

पेरा हळूहळू आकसत होताच. 2017 मध्ये देशात पावणेपाच लाख हेक्टरांहून जास्त बीट होते, 2023 मध्ये ते पावणेचार लाखांच्या आसपास आले.

एस्कोदव्रपुरती आणखी एक जखम होती. बीट धुतलेले गढूळ पाणी साठवण्यासाठी कारखान्याचे मोठे तलाव असतात. 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, शेजारच्या तँ-सँ-मार्तँ गावालगतच्या तलावाचा बांध रात्रीतून फुटला. सुमारे एक लाख घनमीटर पाणी घराअंगणांतून वाहत नदीला मिळाले. हे पाणी विषारी नसते, पण त्यात साखर आणि पालापाचोळा असतो. तो कुजताना नदीतला प्राणवायू ओढून घेतो. काही दिवसांनी सीमेपलीकडे बेल्जियममध्ये माशांचे थर पाण्यावर आले. फ्रान्सने वेळेवर कळवलेच नाही, ही बेल्जियमची मुख्य तक्रार होती. जानेवारी 2023 मध्ये लीलच्या न्यायालयाने कंपनीला 5 लाख युरो दंड ठोठावला, शिवाय बेल्जियमच्या वालोनिया प्रांताला सुमारे 90 लाख युरोंची भरपाई देण्याचा आदेश दिला. बंदची घोषणा झाली ती यानंतर दोन महिन्यांनी. दोन्ही गोष्टींचा थेट संबंध होता असे मी म्हणणार नाही; कंपनीने दिलेली कारणे वेगळी होती. पण कोणता कारखाना ठेवायचा आणि कोणता सोडायचा याची यादी करताना जुने तलाव, दुरुस्तीचे बांध आणि शेजारच्या गावाचा राग या गोष्टी कोणीही हिशेबात धरेल.

हिशेब नेमका काय होता

साखरेला चांगला भाव असताना कारखाना का बंद करायचा, हे समजायला बीट कारखाना कसा चालतो ते पाहावे लागते.

सप्टेंबरात बॉयलर पेटतो आणि जानेवारीपर्यंत रात्रंदिवस पाळ्या चालतात. शेताच्या बांधावर काढलेल्या बीटची लांबलचक रास लागलेली असते, थंडी वाढली की तिच्यावर जाड पांढरे कापड ओढतात. लोडर रास उचलतो, माती झाडतो, ट्रक भरतो. फाटकावर नमुना काढून मातीची वजावट होते आणि साखरेचे प्रमाण मोजले जाते. भाव 16 टक्के साखरेच्या बीटवर धरलेला असतो, कमी-जास्त भरले तर त्यानुसार फरक. आत बीट चिरले जाते, रस पिळून काढायचा नसतो, गरम पाण्यात कापांतली साखर उतरवून घेतात. पुढची चुना, गाळण, आटवण ही साखळी आपल्याकडच्यासारखीच. उरलेला चोथा गुरांना, चुन्याचा गाळ परत शेतात. बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, मात्र नाही, त्यामुळे बॉयलरला इंधन विकत घ्यावे लागते. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धाने गॅस भडकला, तेव्हा याचा चटका चांगलाच बसला.

इंधन सोडले तर या यंत्रणेचा खर्च कारखाना 90 दिवस चालला काय आणि 130 दिवस चालला काय, जवळपास तेवढाच येतो. वर्षभराचे कायम कामगार, उन्हाळ्यातली दुरुस्ती, बाष्पीभवनाची भांडी, चुन्याची भट्टी, सगळे तेच. म्हणून परिसरात बीट कमी झाले की समूहापुढे दोनच रस्ते राहतात: सगळे कारखाने थोडे थोडे दिवस चालवायचे, किंवा एक बंद करून बाकीचे जास्त दिवस चालवायचे. साखरेचा भाव 800 असो वा 300, हे गणित बदलत नाही. तेरेओसने जाहीरपणे हेच कारण दिले: पेरा कायमचा कमी झाला आहे आणि या भागात गाळपक्षमता गरजेपेक्षा जास्त आहे. त्याच दिवशी मार्न जिल्ह्यातली मोरँची डिस्टिलरी बंद करण्याचे आणि ओसिमाँचा बटाटा-स्टार्चचा कारखाना विकायला काढण्याचेही जाहीर झाले.

‘कायमचा’ या शब्दावर कामगार संघटनांचा आक्षेप होता, आणि तो मला रास्त वाटतो. 2023 चा पेरा अजून व्हायचा होता. न्यायालयाच्या निकालाला दोन महिनेही झाले नव्हते. एवढा चढा भाव पाहून शेतकरी पुन्हा बीटकडे वळतील की माव्याला भिऊन सोडून देतील, हे मार्चमध्ये छातीठोकपणे कोणालाच सांगता आले नसते.

कोणापुढे कोणते पर्याय होते

संचालक मंडळाला कारखाना आणखी दोन-तीन हंगाम चालवून पाहता आला असता. साखरेऐवजी नुसता पाक किंवा इथेनॉल बनवण्याकडे वळता आले असते, पण त्यालाही बीट लागतेच. विकताही आला असता. हा तिसरा पर्याय साखर धंद्यात कोणी मनापासून पाहत नाही, कारण चालू कारखाना विकला की घेणाऱ्याला यंत्रांबरोबर त्या परिसरातले बीटही मिळते. स्वतःच्या हाताने स्पर्धक कोण उभा करेल?

याचा धडा तिथून फार लांब नसलेल्या एपविलने आधीच दिला होता. सॉम जिल्ह्यात आम शहराच्या शेजारी असलेला तो कारखाना झ्यूड्त्सुकर या जर्मन समूहाच्या फ्रेंच शाखेचा. 2019 च्या फेब्रुवारीत, भाव तळाला असताना, समूहाने एपविल आणि नॉर्मंडीतला कान्यी असे दोन कारखाने थांबवण्याचे जाहीर केले. तिथल्या बीट उत्पादकांच्या संघटनेने दोन्ही मिळून 3 कोटी युरोंना विकत घेण्याची तयारी दाखवली. समूहाने नकार दिला. (याच आम शहराच्या किल्ल्यात कैदेत असताना पुढे तिसरा नेपोलियन झालेल्या गृहस्थांनी 1842 मध्ये साखरेच्या प्रश्नावर एक पुस्तिका लिहिली होती. त्यात बीटवाल्यांची बाजू घेतली आहे.) एपविलला निदान बाहेरून बोली लावायला शेतकरी होते. एस्कोदव्रला शेतकरी आतच होते, मालकाच्या खुर्चीत. त्यामुळे बाहेरून हाक मारणारे कोणी उरले नाही.

शेतकऱ्याची बाजू बघा. समजा कांब्रेजवळ कोणाची सत्तर-ऐंशी हेक्टर शेती आहे, त्यात दहा-बारा हेक्टर बीट. तो सभासद आहे, कारखाना गेल्याने त्याचे बीट घरी पडून राहणार नाही. ते ब्वारी किंवा ओरिन्यीसारख्या दुसऱ्या कारखान्याला जाईल. अंतर तीस ते पन्नास किलोमीटर होईल, हंगाम लांबेल, जानेवारीच्या शेवटी उचल आली तर रास गोठून-वितळून सडण्याची धास्ती राहील. पण खर्च कमी झाला तर टनामागे दोन पैसे जास्त मिळतील, हेही तो जाणतो. मत द्यायची वेळ आली तर तो कुठे देईल, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याच्या शेजारी राहणारा बॉयलरवरचा कामगार मात्र सभासद नाही. सरपंचही नाही. हंगामात चार महिने रोजावर येणारी पोरे तर कुठल्याच यादीत नाहीत.

कामगारांना समूहाच्या दुसऱ्या कारखान्यात बदली, भरपाई घेऊन बाहेर पडणे, वय असेल तर लवकर निवृत्ती किंवा नवे काम शिकणे असे मार्ग होते. कागदावर चार, प्रत्यक्षात दोनच. नवराबायको दोघे कमावते, घराचे हप्ते चालू आणि मुले कांब्रेच्या शाळेत, अशा घराला पन्नास किलोमीटरवरची पाळीची नोकरी म्हणजे पहाटे तीनला गाडी काढणे.

काय करण्यात आले

फ्रान्समध्ये एवढ्या मोठ्या कंपनीला कारखाना आज ठरवून उद्या बंद करता येत नाही. कामगार प्रतिनिधींशी सल्लामसलत करावी लागते, भरपाई आणि पुनर्वसनाची सविस्तर योजना करून ती सरकारकडून मान्य करून घ्यावी लागते. 2014 च्या कायद्याने, एक हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या उद्योगाला जागेसाठी खरेदीदार शोधण्याचे बंधनही घातले आहे. शोधण्याचे हं, आलेली बोली स्वीकारण्याचे नव्हे. शिवाय गेलेल्या प्रत्येक नोकरीमागे किमान वेतनाच्या ठरावीक पटीत रक्कम त्या भागात नवा रोजगार उभा करण्यासाठी द्यावी लागते.

संघटनांनी आधी निर्णयालाच विरोध केला. मग वाटाघाटी भरपाई आणि बदल्यांकडे वळल्या. असे वळण बहुतेक वेळा येतेच, आणि नेत्यांना दोष देऊन उपयोग नाही. ज्याच्या हातात आकडे त्याच्याशी गाळपाच्या दिवसांवर वाद घालायचा तर तुमच्याकडे तुमचे आकडे लागतात.

या प्रकरणातला खरा निर्णायक टप्पा माझ्या मते पुढचा आहे: रिकाम्या जागेचे काय करायचे. ती तुकडे पाडून गोदामांना देता आली असती. कांब्रेच्या परिसरात हे आधी घडले आहे. 2012 मध्ये बंद झालेल्या हवाई दलाच्या तळाच्या जागी गोदामांचा मोठा तळ उभा राहिला. गोदामाला जागा पुष्कळ लागते, माणसे त्या मानाने कमी. इथे मात्र कालवा जवळ, वीज आणि पाण्याची जोडणी तयार, आणि भोवती शेती करणारे लोक. म्हणून शेतमालावर प्रक्रिया करणारा उद्योग आणण्याकडे कल राहिला.

निष्पत्ती

2023 च्या शरदात एस्कोदव्रचा बॉयलर पेटला नाही. बीट दुसरीकडे गेले. 2024 मध्ये अग्रिस्टो या बेल्जियन कंपनीने ही जागा घेऊन तिथे गोठवलेल्या बटाट्याच्या पदार्थांचा, म्हणजे मुख्यतः फ्राइजचा, कारखाना उभारण्याचे जाहीर केले. गुंतवणूक 35 कोटी युरो, नोकऱ्या 350, उत्पादनाचे लक्ष्य 2027 च्या सुमारास. (हीच कंपनी उत्तर प्रदेशात बिजनोरला, तेही उसाच्याच मुलखात, भागीदारीत बटाट्याचे फ्लेक्स बनवते.) फ्रान्समध्ये दर वर्षी भरणाऱ्या गुंतवणूक मेळाव्यात या घोषणेचा गाजावाजा झाला.

123 गेले आणि 350 येणार, असा हिशेब लगेच मांडला गेला. तो बरोबर नाही. गेलेल्या नोकऱ्या 2023 च्या, येणाऱ्या चार वर्षांनंतरच्या. पंचावन्न वर्षांच्या बाष्पीभवन चालकाला तळणीच्या ओळीवरची जागा मिळेलच असे नाही, आणि एवढी वर्षे तो वाट पाहत बसणारही नाही. तरीसुद्धा एपविलच्या तुलनेत एस्कोदव्रच्या हाती काहीतरी लागले, हे मान्य करायला हवे.

वेगळे काय करता आले असते

घोषणेची वेळ. या भागात बीटची पेरणी मार्चच्या मध्यापासून सुरू होते. 8 मार्चला शेतकऱ्याच्या खळ्यात बियाणे येऊन पडलेले होते, जमीन ठरलेली होती, करार झालेले होते. त्याला त्या वर्षी पीक बदलायला वाव नव्हता. निर्णय चार महिने आधी, पीक आराखडा बसताना, चर्चेला आला असता तर लांबच्या वाहतुकीत बीट ठेवायचे की कमी करायचे हे प्रत्येकाने आपापले ठरवले असते. संस्थेला हे नको होते, कारण तसे केल्यास पेरा आणखी घटण्याची भीती. ही भीती खरी असेलही, पण सहकारी संस्थेने आपल्याच सभासदांपासून जपायची ही गोष्ट नव्हती.

आकडे उघडे ठेवणे. कोणत्या कारखान्याचे किती दिवस गाळप, टनामागे वाहतूक किती, दुरुस्तीला किती लागणार, हे कारखान्यागणिक मांडले असते तर एस्कोदव्रच का, याचे उत्तर लोकांनी स्वतः तपासले असते. ते न मिळाल्याने गावात ज्याने त्याने आपले उत्तर घडवले: कोणी म्हणे मावा, कोणी म्हणे बांध, कोणी म्हणे ब्राझीलचे कर्ज.

आणि गावाची खुर्ची. नगरपालिका, कायम कामगार आणि शेजारची तलावाकाठची गावे यांना निर्णयाआधी ऐकून घेण्याची कसलीच रीत संस्थेत नव्हती. मताधिकार द्या असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण हंगाम संपल्यावर वर्षातून एकदा कारखान्याची स्थिती, तलावांच्या बांधांसकट, गावापुढे मांडायची पद्धत असती, तर एप्रिल 2020 च्या रात्रीनंतर जो अविश्वास मुरला तो एवढा खोल गेला नसता.

एक प्रश्न अजून लोंबकळतो आहे. बटाटा एकाच शेतात लागोपाठ घेता येत नाही, चार-पाच वर्षांचा फेर लागतो, आणि त्याला हवी असते तीच खोल, दगडविरहित जमीन जिच्यात बीट होते. नवा कारखाना पूर्ण क्षमतेने चालला तर त्याला हजारो हेक्टरांचा माल लागेल. त्यातला काही भाग बीटच्या पेऱ्यातूनच कापला जाण्याचा संभव आहे. म्हणजे ब्वारी आणि ओरिन्यीचे हंगाम लांब राहावेत म्हणून एस्कोदव्र बंद केले, आणि एस्कोदव्रच्या जागेवर आलेला ग्राहक त्यांच्याच बीटवर डोळा ठेवणार. जागा विकताना तेरेओसच्या मंडळात यावर चर्चा झाली असेल, तर तिचा वृत्तांत वाचायला मला फार आवडेल.